कार्पेट घालण्याआधी जमिनीवर ओणवे व्हा

गोव्यात स्वतःच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालून घेणारा माणूस विरळाच. आपल्याला लादीवर अनवाणी चालायची सवय, अंगणातून वाळू आत येते, आणि पावसाळ्यात वळणीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. तरीही कार्पेट फिटरला इथे काम कमी पडत नाही. हॉटेलांच्या खोल्या आणि बँक्वेट हॉल, मांडवीतले कॅसिनो, पणजी-पर्वरीची ऑफिसं, चित्रपटगृहं, शिवाय २००४ पासून दर वर्षी पणजीत भरणाऱ्या इफ्फीसारख्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सोहळ्यांचे मंडप. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी मी हे लिहितो आहे. कटर कसा धरायचा हे कोणीही शिकवील. पण बिघडलेली कामं मी उलगडून पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष कार्पेटच्या खाली सापडला आहे.

इथली एक मूळ अडचण आधी समजून घ्या. हॉटेलांचा सीझन ऑक्टोबरात उघडतो. मालक डागडुजी काढतो ऑगस्ट-सप्टेंबरात, चवथीच्या आगेमागे. पणजीत वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे जमीन सगळ्यांत ओली असते तेव्हाच आपल्याला सगळ्यांत जास्त घाई असते.

माझं स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं मोठं काम असंच होतं. कांदोळीच्या बाजूचं एक हॉटेल, तळमजल्यावरच्या नऊ खोल्या, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. कोबा वरून पांढरा, कोरडा दिसत होता. मी गवंड्याला विचारलं, "मेस्ता, कोबा कधी घातला?" तो म्हणाला, "झाला महिना. ठणठणीत सुका आहे, घाल बिनधास्त." मी घातलं. दिवाळीला फोन आला, खोल्यांत कुबट वास येतो म्हणून. जाऊन कोपरा उचलला तर गोंदाची लापशी झालेली आणि कार्पेटच्या पाठीवर काळी बुरशी. नऊ खोल्या पदरच्या पैशाने पुन्हा केल्या. त्यात गवंड्याची चूक काही नव्हती. जमीन तपासायचं काम माझं होतं.

पहिली भेट: टेप, पट्टी आणि प्रश्न

पहिल्या भेटीला नुसता टेप घेऊन जाऊ नका. दोन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, गुण्या, टॉर्च, प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी न्या. खोली मोजताना भिंत सरळ आहे असं गृहीत धरू नका. चिऱ्याच्या जुन्या भिंती एका टोकाला दोन-तीन इंच सहज मारतात. म्हणून लांबी-रुंदी किमान तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. दाराचे कोनाडे, खिडकीखालचे खाचे, खांब, सगळं कागदावर काढा. फोटो घेतलात तरी कागदावर काढाच, कारण काढताना हात थांबतो आणि डोळा बघतो.

मग विचारा. कोबा कधीचा आहे? खाली काय आहे, मातीचा भराव की दुसरा मजला? भरावावर ओल अडवणारं प्लास्टिक टाकलं होतं का? पावसात कुठली भिंत भिजते? एसी रात्रंदिवस चालणार की पाहुणा आला तरच? शेवटचा प्रश्न मालकाला विचित्र वाटतो, पण हॉटेलच्या बंद खोलीत जुलैत काय होतं ते कार्पेटलाच भोगावं लागतं.

ओल

यावर मी रेंगाळणार आहे, कारण गोव्यात धंदा इथेच बुडतो.

कोबा वरून सुकतो, आतून सुकत नाही. चांगल्या हवेशीर वातावरणात सिमेंटचा थर पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दिवसाला साधारण एक मिलिमीटर सुकतो असा ब्रिटिश फिटरांचा जुना हिशेब आहे. त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन इंची कोब्याला पाणी मारणं थांबवल्यापासून पन्नास दिवस, आणि तेही हवा कोरडी असताना. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेतच इतका दमटपणा असतो की कोब्यातलं पाणी बाहेर पडायला जागाच नाही. "महिना झाला" या उत्तराचा अर्थ म्हणूनच मार्चात एक आणि ऑगस्टात दुसरा.

सगळ्यांत स्वस्त तपासणी प्लास्टिकची. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि किमान १६ तास ठेवा. मी पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. काढताना प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा कोबा तेवढ्या चौकोनात काळसर झाला, तर जमीन ओली आहे. पण उलट अर्थ काढू नका. काही दिसलं नाही म्हणजे जमीन कोरडी, असं ही तपासणी सांगत नाही. आतली ओल एका रात्रीत वर येतेच असं नाही.

मोठ्या कामाला मीटर लागतो. एक प्रकार असा: जमिनीवर उष्णतारोधक डबी हवाबंद चिकटवायची, आत आर्द्रतामापक, आणि किमान ७२ तासांनी वाचायचं. ब्रिटिश मानकात ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर आकडा असेल तर वर काही चिकटवू नये असं आहे. दुसरा प्रकार अमेरिकन, एएसटीएम एफ २१७० या मानकातला. त्यात कोब्याला भोक पाडून आत नळी बसवतात. एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोलीवर मोजायचं. मला ही पद्धत जास्त पटते, कारण ती वरच्या साळसूद सालीला विचारत नाही. गोंदाच्या डब्यावरही मर्यादा छापलेली असते. दोघांतली कडक ती पाळा.

साधा पिना टोचायचा मीटर लाकडासाठी असतो. कोब्यावर त्याचा उपयोग कुठे जास्त ओल आहे, कुठे कमी, एवढं शोधण्यापुरताच. तो आकडा मालकाला दाखवून "सुकी आहे" म्हणू नका.

ओल निघाली तर? आधी ती कुठून येते ते बघा. एका भिंतीलगतच असेल तर बाहेर जाऊन त्या भिंतीमागे उभे राहा. पन्हळीचं पाणी, बाथरूमचा पाईप, बाहेरची जमीन जोत्यापेक्षा उंच. चिरा पाणी पितो, आणि जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर ती भिंतीत चढते, कडेच्या जमिनीत उतरते. असं असताना जमिनीवर कितीही महाग इपॉक्सी मारला तरी ओल कडेने वाट काढतेच. आधी पाण्याचं बघायला सांगा. पाणी थांबलं आणि नुसती नव्या कोब्यातली ओल उरली असेल, तर दोन हात इपॉक्सीचा ओल अडवणारा थर चालतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, म्हणजे सुईएवढी भोकं राहत नाहीत. मालकाची तयारी नसेल तर त्या खोलीत चिकटवून कार्पेट घालू नका. मी चार वेळा काम सोडलं आहे. त्यातले दोन मालक दुसऱ्या वर्षी परत आले, दोन नाही आले. असं होतं.

एक खूण डोळ्यांनी दिसते: खार. कोब्यावर पांढरी पिठूळ पावडर फुटली असेल तर पाणी खालून वर येऊन क्षार सोडून उडून गेलं आहे. ती झाडून काढली की जमीन स्वच्छ झाली असं मानणारे पुष्कळ आहेत. आठ दिवसांनी पुन्हा बघायला जा.

सपाटी आणि सफाई

दोन मीटरची पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरकी ठेवत सगळी खोली फिरा. पट्टीखाली सगळ्यांत मोठी फट किती? ब्रिटिश मानकात तीन दर्जे आहेत: ३ मिलिमीटर, ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर. कार्पेट टाइलला आणि पातळ कार्पेटला मी ३ चा आग्रह धरतो, अंडरलेवर (कार्पेटखालच्या मऊ थरावर) ताणायचं असेल तर ५ चालतं. १० वाल्या जमिनीला कार्पेटवाल्याने हातच लावू नये. पट्टी नसेल तर टॉर्च जमिनीला टेकवून लांबवर प्रकाश सोडा. प्रत्येक टेकाड सावली टाकतं.

टेकाडं घासायची, खड्डे भरायचे, या क्रमाने. घासताना नाकातोंडाला नीट बसणारा मास्क आणि ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला हवा. सिमेंटची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची, रुमाल बांधून ती थांबत नाही. खड्डे, भेगा आणि लादीचे सांधे यांना लेव्हलिंग कंपाउंड, पण त्याआधी प्रायमर. प्रायमर न मारता ओतलं की कोबा त्यातलं पाणी ओढून घेतो आणि वरचा थर पापडासारखा सुटतो. पोकळ वाजणाऱ्या लाद्या हातोडीच्या दांड्याने ठोकून शोधा. त्या काढून पुन्हा बसवल्याशिवाय वर काही ओतायचं नाही.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे पीओपी. फॉल्स सीलिंगवाले वर काम करतात आणि खाली ठिपके पडतात. रंगारी त्यावर रंग सांडतो. गोंद कोब्याला चिकटत नाही, त्या ठिपक्याला चिकटतो, आणि ठिपका कशालाच चिकटलेला नसतो. पत्रीने प्रत्येक ठिपका खरवडा. मग झाडू, मग व्हॅक्यूम, आणि शेवटी काळ्या कपड्याचा बोळा जमिनीवरून फिरवा. बोळा पांढरा झाला तर अजून व्हॅक्यूम.

जुन्या घरांत मात्र हात आखडता घ्या. पणजीच्या फोंताईन्हासमध्ये किंवा कुठल्याही जुन्या वाड्यात नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या किंवा तांबडा कोबा दिसला तर त्यावर गोंद ओतायचा नाही. गोंद निघताना रंग घेऊन निघतो, आणि तशी लादी आज मिळवायला घाम फुटतो. अशा जागी सुटा गालिचा कडा शिवून द्या, खाली न घसरणारी जाळी. कमाई कमी होईल.

माल उघडण्याआधी

रोल आणि पेट्या आल्या की बॅच नंबर जुळवा. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन बॅच शेजारी ठेवल्या की दिवसा कळत नाही, संध्याकाळी दिवे लागले की शिवण ओरडते. दोन बॅच आल्या असतील तर कापण्याआधी फोन करा. एकदा कटर लागला की कुठलाही दुकानदार माल परत घेत नाही.

माल त्याच खोलीत किमान २४ तास ठेवा, जमल्यास ४८. आणि एसी पुढे जसा चालणार तसाच चालू ठेवा. गोदामातल्या दमट हवेतून आलेलं कार्पेट थंड खोलीत आकसतं, ते आकसायचं ते घालण्याआधी आकसू दे.

शिवण कुठे पडणार हे आधी ठरवा

रोल साधारण ३.६६ किंवा ४ मीटर रुंदीचा. खोली त्याहून रुंद असली की शिवण आली. शिवण दारातून येणाऱ्या वाटेवर आडवी नको, आणि मोठ्या खिडकीच्या उजेडालाही आडवी नको. उजेड शिवणीच्या लांबीने धावला तर ती दिसत नाही. लव सगळ्या तुकड्यांची एकाच दिशेला. हाताने चोळून बघा: एकीकडे हात मऊ जातो, दुसरीकडे अडतो. लव दाराकडे झोपलेली असली की आत येणाऱ्याला रंग गडद आणि भरलेला दिसतो, म्हणून मी तशीच ठेवतो. एखादा तुकडा वाचवायला तो फिरवून लावणारे फिटर मी पाहिले आहेत. दोन रंगांचं कार्पेट घातल्यासारखं दिसतं.

ताणून बसवणं

भिंतीलगत ग्रिपर पट्टी, तिचे खिळे भिंतीकडे झुकलेले. पट्टी आणि भिंत यांच्यात कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट, म्हणजे कड त्या फटीत घट्ट बसते. व्हिट्रिफाइड लादीवर पट्टी ठोकू नका, लादी तडकते. तिथे पट्टी गोंदावर बसवा आणि गोंद पूर्ण धरेपर्यंत ताण देऊ नका. अंडरले ग्रिपरच्या कडेपर्यंत येऊन थांबतो, वर चढत नाही. त्याचे सांधे एकमेकांना भिडवून टेप मारायची, आणि कार्पेटची शिवण त्या सांध्यावर येऊ द्यायची नाही, दोन्हींत वीतभर तरी अंतर हवं.

शिवणीच्या दोन्ही कडा सरळ कापा. लूप, म्हणजे न कापलेल्या फासांची लव असेल तर दोन ओळींच्या मधून. कापलेल्या कडेला सीलर लावा, नाहीतर सहा महिन्यांत झाडूला धागे लागतात. मग शिवणीची, उष्णतेने चिकटणारी टेप खाली, त्यावर इस्त्री, इस्त्रीमागून कडा भिडवत चला. इस्त्री हळू, पण उष्णता बेताची. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन २०० च्या बरंच वर. म्हणून नायलॉनवर शिकलेला हात पॉलिप्रॉपिलीनवर जळकी चमक उमटवतो, आणि ती निघत नाही. टेपचा एक तुकडा आणि कार्पेटची एक कात्रण घेऊन आधी बाहेर करून बघा.

ताणायला पॉवर स्ट्रेचर. नी-किकर, म्हणजे गुडघ्याने धक्का द्यायचं अवजार, फक्त कड जागेवर आणायला आणि अरुंद कोनाड्यात. लांबीत आणि रुंदीत साधारण १ ते १.५ टक्का ताण हवा: ६ मीटरच्या खोलीत ६ ते ९ सेंटिमीटर. किकरने तेवढा येत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात दमट हवेने कार्पेट सैल पडून लाटा उठतात. शिवाय गुडघे जातात. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने १९९० साली कार्पेट फिटरांच्या गुडघ्यांवर वेगळी सूचनाच काढली होती. अमेरिकेतल्या एकूण कामगारांत फिटर ०.०६ टक्क्याहून कमी, पण गुडघ्याच्या इजेच्या भरपाईचे ६.२ टक्के दावे फिटरांचे. माझा उजवा गुडघा जिना चढताना रोज ही आकडेवारी सांगतो. स्ट्रेचर महाग आहे, तर दोघांनी मिळून घ्या.

टाइल

ऑफिसांत आता बहुतेक काम टाइलचंच. ५० सेंटिमीटरची टाइल सोपी वाटते म्हणून नवीन मुलाला तिथे उभं करतात.

खोलीचा मध्य काढा, सूतदोरीने दोन रेघा मारा आणि ३-४-५ ने काटकोन तपासा: एका रेघेवर ३ मीटर, दुसरीवर ४, तिरकं बरोबर ५ आलं पाहिजे. मध्य असा सरकवा की कडेला अर्ध्या टाइलपेक्षा बारीक कात्रण येणार नाही. टाइलच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एकाच दिशेला, किंवा एक उभी एक आडवी, जे नकाशात ठरलं असेल ते.

गोंद रोलरने पातळ पसरा आणि थांबा. दुधासारखा पांढरा गोंद पारदर्शक होऊन बोटाला नुसता चिकट लागला की टाइल ठेवायची. पांढरा असतानाच ठेवली तर ती कायमची चिकटते आणि उद्या एक खराब टाइल बदलता येत नाही. मग टाइल घेण्यात अर्थ काय राहिला? पावसाळ्यात हा थांबायचा वेळ दुप्पट होतो, पंखे लावा. रबर सोल्यूशन वापरायची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याची वाफ पेट घेते, बंद एसी खोलीत डोकं गरगरतं. खिडक्या उघड्या, विडी-सिगारेट बंद, शिवणीची इस्त्रीही बंद.

टाइल शेजारणीला भिडवायची, दाबून कोंबायची नाही. कोंबलेल्या टाइला सांध्यावर उचलतात. लव सांध्यात अडकू देऊ नका. दर दहा टाइलींनी मोजायचा टेप लावा. अंतर पाच मीटरपेक्षा वाढत चाललं तर सांधे उघडे राहताहेत, कमी झालं तर कोंबताय. सर्व्हर रूमच्या उचललेल्या फ्लोअरवर टाइलीचा सांधा खालच्या पॅनेलच्या सांध्यावर आणू नका.

कॅसिनोच्या बोटींवर खाली लोखंड असतं. तिथे गंज घासून प्रायमर मारल्याशिवाय काहीच चिकटत नाही, आणि एसीमुळे पत्र्याला घाम फुटतो. सुरुवातीला ही कामं एकट्याने घेऊ नका.

मंडपाचं कार्पेट

प्रदर्शनं, लग्नं, सोहळे यांत न विणलेलं पातळ कार्पेट दुहेरी टेपवर टाकतात. चार दिवसांचं काम म्हणून हयगय होते, पण पाय अडकून माणसं पडतात ती इथेच. कड कुठेही उघडी नको, पायरीच्या पुढच्या कडेला टेप, आणि केबल कार्पेटखालून न्यायची नाही.

सोपवताना

दार उघडून बंद करून बघा. घासत असेल तर दार तासायचं कोणी, हे कामाआधीच लिहून घेतलेलं असावं. शिवणीवर हात फिरवा, ग्रिपरवर कड दाबून बघा, कात्रणं आणि ब्लेडची पाती उचला. पुढे रंगकाम बाकी असेल तर कार्पेटवर प्लास्टिक अंथरू देऊ नका, खाली ओल कोंडते. जाड कागद चालतो.

मालकाला एक कागद द्या: ओलीचा आकडा आणि तारीख, जमिनीची फट किती होती, काय भरलं, बॅच नंबर, गोंदाचं नाव. त्यावर त्याची सही घ्या, एक प्रत तुमच्याकडे. आणि उरलेल्या टाइलींची एक पेटी बॅच नंबर बाहेर दिसेल अशी बांधून, तळमजल्याच्या स्टोअरमध्ये नव्हे, वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा.